काशिरामकडे हळद लागली

श्रावणात सुक्या बोंबलांचा भाव विचारणाऱ्या माणसानं भाव ऐकावा आणि ओळखीचं कोणी बघायच्या आत घर गाठावं. मी तिथं गप्पा मारत थांबलो, आणि त्या गप्पांपायी संध्याकाळी आमच्या इमारतीखाली दोन टेम्पो भरून माणसं उतरली.

पनवेलच्या बाजारात सोनाबाई सुकी मासळी घेऊन बसते. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काशिराम घरतची ही थोरली बहीण. माझ्या पिशवीत बोंबील भरता भरता तिनं विचारलं, "आमचा काशिराम काय करतंय?"

"मजेत आहेत," मी म्हणालो. "घरात हळद लागलीय ना!"

तिचा हात पिशवीतच राहिला. "हलद लागली? कवा?"

"झाले चार-पाच दिवस. कालच बघून आलो. फार छान लागलीय."

"प्रांजलची?"

प्रांजल ही काशिरामची एकुलती एक मुलगी. ती हळद तिच्याचसाठी चालली होती हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी घरच्या माणसाच्या थाटात सांगितलं, "म्हणजे काय! तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप."

"आन लाइटिंग?" सोनाबाईनं मान पुढे करून विचारलं.

"जांभळी! पार रिक्षास्टँडवरून दिसते."

सोनाबाईनं माझ्याकडून बोंबलांचे पैसेही घेतले नाहीत. मला वाटलं, शेजारधर्म.

मी बोलत होतो ते डब्यातल्या मातीत मूळ धरून वर आलेल्या हळदीच्या कोंबांबद्दल. पण आगरी माणसाला 'हळद लागली' एवढंच सांगितलं, की त्याला माती आठवत नाही. त्याला मांडव आठवतो, डीजे आठवतो, मटणाची पातेली आठवतात आणि नाचून नाचून दुखणारे पाय आठवतात. लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला आला नाही तर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं ऐकावं लागतं. प्रांजलचा साखरपुडा उरणच्या परेशशी झाला होता आणि लग्न माघात ठरलं होतं. माघातली हळद श्रावणात लागली, चातुर्मासात, तीही सख्ख्या आत्याला न कळवता! याचा एकच अर्थ निघतो. तो सोनाबाईनं काढला, वर पालथी ताडपत्री टाकून दुकान बंद केलं आणि गावाला फोन लावला.

संध्याकाळी मी जिन्यात होतो. खालून आधी गजऱ्यांचा वास आला, मग बायका आल्या. रेनकोटाच्या आत जरीच्या साड्या. मागून सोनाबाईचा मुलगा कुमार, दोन्ही हातांनी एक भलामोठा स्पीकर छातीशी धरून. काशिरामनं दार उघडलं ते बनियनवर, हातात पाणी मारायची बाटली.

"काशा, तुजी आक्का मेली का रं?" सोनाबाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं.

"कोन मेला?"

"मीच मेली आसन. नायतर भाचीच्या हलदीला आत्याला बोलावना नाय, आसा कवा जालाय का?"

"कोनची हलद?"

"जी लागलीय ती!"

"आगं हां, लागलीय ना!" काशिरामचा चेहरा एकदम खुलला. गेले पाच दिवस तो कोणालातरी ते कोंब दाखवायला तळमळत होता आणि आज आपणहून दोन टेम्पो माणसं आली होती. "ये, ये. सगलीच या. चपला भायेर काडा फक्त."

त्यानं सगळ्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथं एका टेबलाखाली रंगाचे तीन रिकामे डबे होते, डब्यांत माती, मातीत बोटबोटभर हिरवे कोंब, आणि टेबलाच्या पाटाला उलटा टांगलेला एक जांभळा दिवा. पन्नासएक माणसं त्या जांभळ्या उजेडात वाकून डब्यांकडे बघत राहिली. शेवटी मागून एक म्हातारी म्हणाली, "ता ठीक हाय. पन नवरी कुटं हाय?"

नवरी स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होती. अर्धा गाव तिच्या पोटाकडे बघून गेला तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की लोक काय समजून आले आहेत, मग ती आणखी हसली.

प्रकरण इथंच मिटलं असतं. पण आगरी माणूस जरीचं नेसून, गजरा माळून पनवेलला आलाय आणि कोरडाच परत चाललाय, हे कुमारला बघवेना. "मामा, आलोच हाव तर येक गाना वाजू दे," असं म्हणून त्यानं स्पीकरची पिन दिव्याच्याच बोर्डात खुपसली.

फट्‌ झालं. घर अंधारलं, जिना अंधारला. अंधारात पन्नास माणसं एकदम दाराकडे वळली. मेणबत्ती आली तेव्हा दोन डबे आडवे होते आणि कोंब कुणाच्या ना कुणाच्या पायाखाली गेले होते. तिसरा डबा काशिरामच्या बायकोच्या मांडीत होता. शांतीवहिनींनी अंधार पडल्याबरोबर खाली बसून त्याला मिठी मारली होती.

"पन तुला सांगितला कोनी?" काशिरामनं बहिणीला विचारलं.

सोनाबाईनं गर्दीतून मला शोधून काढलं आणि हनुवटीनंच दाखवलं. काशिरामनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता गुडघ्यावर बसून सांडलेली माती मुठीमुठीनं गोळा करत राहिला.

दोन डब्यांसाठी एवढं काय, असं वाटेल. काशिरामचं गाव विमानतळासाठी उठलं तेव्हा लोकांनी दारं-खिडक्या उचकटून ट्रकात भरल्या. शांतीवहिनींनी परसू खणलं आणि हळदीचे गड्डे फडक्यात बांधून आणले. या घरात मुलीच्या अंगाला पहिली हळद लागते ती माहेरच्या परसातली, आणि ती कुटायची आत्यानं. सोनाबाईला तीच लागली होती, तिच्या आत्यालाही तीच. "पुडीतली हलद लावायला पोरगी काय पुडीतून आनली का?" असा सोनाबाईचा सवाल होता. नव्या गावात प्लॉट मिळाले, पण अंगणापर्यंत फरशी. काशिराम राहायला आला तो पनवेलच्या या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत सकाळचं छान ऊन यायचं. ते ऊन शेजारी उभ्या राहिलेल्या टॉवरनं स्वतःकडे ठेवून घेतलं. पहिल्याच वर्षी अर्धे गड्डे गॅलरीत कुजले. उरले ते हे, आणि त्यातलेही दोन हिस्से माझ्या बोंबलांपायी गेले.

जांभळा दिवा प्रांजलनं मागवला होता. ती कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होती. "बाबा, परदेशात लोक घरात भाजी पिकवतात अशा लाइटवर," असं तिनं फोनवर दाखवलं आणि काशिराम लगेच पेटला. दिवा आल्यावर आमचे सेक्रेटरी जिन्यात मला म्हणाले, "अहो, फॅमिली बिल्डिंग आहे ही. बाहेरून बार वाटतो." रिक्षावाले वर बघून हॉर्न वाजवायचे. काशिराम खिडकीतून त्यांना हात करायचा. त्याला वाटायचं, ते कौतुकानंच बघताहेत.

मुळात या माणसाला बसणं माहीतच नाही. आख्खी नोकरी त्यानं न्हावा शेवाला काढली, गार कंटेनरांच्या रांगांत. कोळंबी, आंबे, औषधं भरलेले ते कंटेनर यार्डात विजेला जोडून उभे असतात आणि काशिरामचं काम म्हणजे रात्रंदिवस त्यांच्यामधून फिरायचं, प्रत्येकाचं तपमान बघायचं आणि पिन निघालेली नाही ना ते पाहायचं. पिन निघाली की माल गेला. हे वाक्य त्याच्या हाडांत मुरलं होतं. रिटायर झाल्यावर कंटेनर गेले, फेऱ्या राहिल्या. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, परत हॉल. जाता जाता फ्रिजवर तळवा टेकवायचा. जेवायचा उभ्यानं. खुर्चीत बसलाच तर काठावर, आता कोणी नाव पुकारणार अशा बेतानं. एकदा आमच्याकडे साखर मागायला आला, आमच्या फ्रिजला कान लावून उभा राहिला आणि साखर न घेताच परत गेला.

अशा माणसाच्या हाती एक डबा, एक दिवा आणि माघापर्यंतची मुदत आली. जळालेल्या दिव्याच्या जागी नवा दिवा आला त्या दिवसापासून त्यानं तो विझवलाच नाही. दिवस नाही, रात्र नाही. दिवा बोटभर वर घे, बोटभर खाली घे. पंखा पानांकडे फिरव, परत भिंतीकडे वळव. मातीत बोट खुपस, बोट हुंग. शांतीवहिनींना कूस बदलताना डोळ्यांवर पदर घ्यावा लागायचा. प्रांजल म्हणाली, "बाबा, मी बारावीला होते तेव्हा इतकं जागला नाहीत."

"तवा तू पिनीवर नव्हतीस," काशिराम म्हणाला.

नवरात्रापर्यंत पानं टेबलाच्या पाटाला टेकली. टेबल काढलं, दिवा छताला टांगला. काशिराम येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून आत न्यायचा. इस्त्रीवाल्यानं ती पानं पाहिली, केबलवाल्यानं पाहिली, दुसऱ्याच कुणाकडे आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा पाहिली. मी मात्र त्या डब्याबद्दल बाहेर चकार शब्द काढत नव्हतो.

दिवाळीत सोनाबाई फराळाचा डबा घेऊन आली तेव्हा मीही तिथंच होतो. तिनं पानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ खाली बसली, बांगड्या मागं सारल्या आणि चार बोटं मातीत घातली. बराच वेळ तिची बोटं आत फिरत होती. काशिराम या पायावरून त्या पायावर.

"काशा, वर येवरा रान, आन खाली काय नाय."

"काय नाय म्हंजे?"

"मुल्या हायत नुसत्या. हिची रात कवा व्हते?"

"रात कशाला? लाइट चालू हाय की."

"आरं, मानसाला बारा म्हैने जागा ठेवला तर तो अंग धरल का? ती जागी हाय म्हनून पानां फेकते. इझव तो दिवा सांचा!"

काशिराम उठला. स्विचपाशी गेला, बोट ठेवलं आणि काढलं. परत ठेवलं. आम्ही सगळे बघत होतो. कपाळावर घाम. एवढ्या वर्षांत या माणसानं आपल्या हातानं चालू पिन कधी काढली नव्हती. काढणाऱ्याला त्यानं यार्डात कानफटवलं होतं. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सायेब, तुमी करा."

मी टक्‌ केलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की आधी काशिरामकडे. तो पॅसेजमध्ये पाठ करून उभा राहायचा.

"केला?"

"केला."

"पक्का?"

"पक्का, काशिरामभाऊ."

मग तो चपला घालून वडाळे तळ्याकडे फेऱ्या मारायला निघून जायचा, कारण अंधाऱ्या डब्याशेजारी त्याला घरात थांबवत नसे. सकाळी दिवा लावायचा मान मात्र त्याचा. श्रावणातल्या पापाचं प्रायश्चित्त असं रोजच्या रोज टकटक फिटत होतं. एकदा मी पेणला लग्नाला गेलो आणि विसरलो. पंगतीत बसलो असताना फोन आला. "सायेब," पलीकडून काशिराम दबक्या आवाजात म्हणाला, "ती अजून जागी हाय." मी पंगतीतून उठून आमच्या सौभाग्यवतींना फोन केला आणि त्या जाऊन टक्‌ करून आल्या.

पौषात एका सकाळी त्यानं आमचं दार ठोठावलं. हातात एक पिवळं पान. "गेली," तो म्हणाला.

मी तसाच त्याच्यामागून गेलो. खरोखरच सगळी पानं कडेनं पिवळी पडत चालली होती. काशिराम पिंजऱ्यात घातल्यासारखा डब्याभोवती फिरत होता. पाणी कमी पडलं, नाही, जास्त झालं, दिवा लांब टांगला, संध्याकाळचा बंद केला तिथंच चुकलं.

शांतीवहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी आतूनच सांगितलं, "गेली नाय. पिकली."

"मंग लाइट वाडवू?"

"आता तिला दिवा नको."

"मंग मी काय करू?"

"बसा."

तेवढं सोडून त्यानं सगळं केलं. आणि त्यानंतर दोन-तीनदा असं झालं की मी संध्याकाळी दिवा बंद करून घरी आलो, जेवलो, आणि बघतो तर समोरच्या दाराखालून जांभळी रेघ. विझवता न येणाऱ्या माणसाला लावायला कोण अडवणार? मी शांतीवहिनींना जिन्यात गाठून विचारलं, पिकली म्हणता, मग हे परत कशाला लावतात?

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पिकली का काडायला लागल," त्या म्हणाल्या. "काडली का पोरीला लावायला लागल." आणि वर निघून गेल्या.

माघ आला. हळदीच्या दिवशी सकाळी सोनाबाई खोलीत फतकल मारून बसली. पुढे वर्तमानपत्र पसरलं, डबा उलटा केला, बुडावर एक दणका दिला. काशिराम पॅसेजमध्ये होता. "निगाली का?" आम्ही सगळे वर्तमानपत्रावर वाकलो होतो. "सायेब, निगाली का?"

मातीचा गोळा फुटला आणि आत मुळ्यांच्या जंजाळात करंगळीएवढी बोटं दिसली. फार नाहीत. सोनाबाईनं एक मोडलं. आत रसरशीत केशरी. खोलीभर ओल्या हळदीचा वास सुटला तसं तिनं ते नाकाशी धरलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "नवरीपुरती हाय. गावाला पुडीतली लावा."

काशिराम आत आला, उभ्या उभ्या ढिगाकडे पाहिलं, वाकला आणि बाहेर जायला वळला.

"काशा, ठेव."

"काय ठेव?"

"खिशातला."

"मांडवाची वायरिंग बगून येतो," असं म्हणून तो जिना उतरला.

संध्याकाळी नव्या गावातल्या प्लॉटवर मांडव पडला. कुमारनं श्रावणातली कसर भरून काढायची ठरवली होती, स्पीकरची भिंतच उभी केली होती आणि लाइटिंग जांभळी. मला बघून मांडवाच्या दारातच एकानं विचारलं, "काय सायेब, आज नक्की हाय ना हलद? का परत डबा दाखवाल?" मी येणाऱ्या प्रत्येक माणसाला, हो, आज नक्की, असं सांगत आत गेलो.

सोनाबाईनं उखळात हळद कुटली. जुन्या परसाची, रंगाच्या डब्याची, जांभळ्या दिव्याची ती चिमूटभर हळद तिनं प्रांजलच्या कपाळाला, गालांना, पावलांना लावली. बायकांनी गाणं धरलं. मी काशिरामला शोधत होतो. तो मांडवात नव्हताच. मागे जनरेटरपाशी पिनीवर हात दाबून उभा होता.

"अहो, पिन घट्ट आहे," मी म्हणालो. "चला."

"मानसा नाचतात. हलल."

"बाबा!" प्रांजल मांडवातून ओरडली. डीजे थांबला होता, सगळं गाव मागं वळून बघत होतं. "आत्याच्या वाटीतलं संपायला आलंय. येताय की नाही?"

काशिरामनं पिनीवरचा हात काढला. पिन जागेवर राहिली. तिच्याकडे दोनदा वळून बघत तो मांडवात गेला, वाटीच्या तळाशी उरलेली हळद बोटानं निपटली आणि प्रांजलच्या गालाला लावली. तिनं त्याचा हात धरून ठेवला. "बाबा, बसा जरा." आणि तो बसला. अगदी पाठ टेकून. कुमारनं आवाज वाढवला, दिवे भगभगले, एकदा तर क्षणभर सगळंच गेलं आणि परत आलं. काशिराम जागचा हलला नाही.

लग्न झालं. प्रांजल उरणला गेली. समोरच्या दाराखालची रेघ दिसेनाशी झाली. संध्याकाळी ऑफिसातून आलो की माझा हात उगाच त्यांच्या बेलकडे जायचा आणि मग आपल्याच खिशात किल्ली शोधायचा.

ज्येष्ठात एका संध्याकाळी जिना चढून वर आलो तर जांभळी रेघ! मी बेल दाबली. काशिराम बनियनवर, हातात पाणी मारायची बाटली. आत एका छोट्या डब्यात एकच कोंब, नुकता माती फोडून वर आलेला. वर दिवा. प्रांजल माहेरी आली होती; स्वयंपाकघरात शांतीवहिनी आणि ती काहीतरी कुजबुजत होत्या आणि मला बघताच प्रांजलनं ओढणी पोटावरून सारखी केली.

"काशिरामभाऊ," मी विचारलं, "खिशातलं ते हेच ना? आता ही कोणासाठी?"

काशिराम मी आणि डबा यांच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"तुमाला सांगितला म्हंजे गावाला सांगितला."